रत्नागिरीत दोन दिवस

आईबाबांना घेऊन दोन दिवस रत्नागिरीला जायचंय म्हणालात आणि उत्तरात सगळ्यांनी नुसतं गणपतीपुळे गणपतीपुळे केलंय, अहो जा की पुळ्याला, पण आरे-वारेच्या रस्त्याने जा आणि घाटाच्या वरच्या वळणावर गाडी थांबवा, खाली दोन्ही बीच एकदम दिसतात. बाकी वेळ शहरालाच द्या असं माझं मत.

थिबा पॅलेस चुकवू नका. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पकडून इकडे आणून ठेवला, हा वाडा १९१० चा, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. वाड्यात फार सामान वगैरे नाहीये, तशी अपेक्षा ठेवू नका, पण वरच्या मजल्यावरच्या त्या अर्धगोल लाकडी खिडक्यांपाशी जरा उभं राहिलं ना की कसंतरीच होतं, बिचारा आयुष्यभर परत गेलाच नाही. तिथून जवळच थिबा पॉइंट, संध्याकाळी भाट्याची खाडी काय दिसते!

टिळकांचं जन्मस्थान अर्ध्या तासात होतं. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापर्यंत आईबाबा आरामात जातील, पुढे दीपगृहाकडे गुडघे बघून ठरवा.

आणि मासे खात असाल तर मिरकरवाडा जेटी! होड्या लागल्या की बांगड्याच्या पाट्या धडाधड उतरतात, बायका भाव करताना ऐकाच, आमच्या ह्यांची नवीन चप्पल तिथल्या बर्फाच्या पाण्यात वाया गेली, तेव्हा जुनी घालून जा. पावसाळ्यात मात्र होड्या बंद असतात.