मदत हवी आहे: सांगोल्याच्या १९७४ च्या पोटनिवडणुकीचे आकडे
नमस्कार. सांगोला विधानसभा मतदारसंघाच्या १९६२ पासूनच्या आमदारांची नोंद मी तयार करत आहे. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख येथून अकरा वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ मध्ये मात्र त्यांचा पराभव झाला, आणि मतदारसंघ समजून घेण्यासाठी हे दोन पराभव मला त्यांच्या विजयांइतकेच मोलाचे वाटतात. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत विधानसभेत गेले. आजोबांच्या वहीत त्या निकालाचे कात्रण डकवलेले आहे, पण ओल लागून मतांचे आकडे नेमके तेवढेच पुसले गेले आहेत. ज्या मतदारसंघात २०१९ चा निकाल अवघ्या ७६८ मतांनी लागला, तिथला प्रत्येक आकडा जपायला हवा. त्या काळची सोलापूरची वृत्तपत्रे कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील, हे कृपया कळवावे.