कुत्रा, नमाज आणि सोसायटीची लिफ्ट: तुमचे अनुभव लिहा

खाडीकिनारा
काल लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचा लॅब्राडोर शिरला. पावसातून आलेला, ओलाचिंब. कोपऱ्यात बुरख्यातल्या एक काकू होत्या, त्या भिंतीला चिकटल्या. मालकीणबाई लगेच, "अहो, चावत नाही तो!" चावण्याचा प्रश्नच नव्हता. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजची वेळ झाली होती आणि साहेब अंग झाडायच्या बेतात होते. मी स्वतः कोकणी मुसलमान, म्हणून मला कळलं. बाई मात्र फणकारल्या, "काही लोकांना प्राण्यांचं प्रेमच नसतं."

त्यावरून आमचे माहीमचे आजोबा आठवले. आम्ही शाफई, म्हणजे सुन्नींमधल्या एका पंथाचे नियम पाळणारे. कुत्रा ओला असेल किंवा आपण ओले असू आणि स्पर्श झाला, तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीने. आजोबांनी गॅलरीत मातीचा डबाच ठेवला होता. आणि हेच आजोबा रोज रात्री हाडकं नि भाकरी घेऊन मोतीसाठी खाली उतरायचे. त्याचं जर्मनचं ताट वेगळं, नळाखाली उपडं ठेवलेलं. मोती लाडात येऊन अंगावर झेपावला की छत्री आडवी धरायचे, "लांबून बोल, लांबून!" मोती म्हातारा होऊन गेला तेव्हा चाळीतल्या पोरांना घेऊन खड्डा त्यांनीच खणला. हाताला पिशव्या बांधून.

तुमच्या घरी, शेजारी काय चालायचं? भांडण नको, अनुभव लिहा.

कर्जत_स्लो
"लांबून बोल" 😂😂
"चावत नाही" म्हणणाऱ्यांच्याच कुत्र्याने मला चावलंय. मी देशस्थ ब्राह्मण, आणि कुत्रा दिसला की रस्ता ओलांडतो. काकूंना नुसती भीतीही वाटत असेल की.

शीरखुर्मा
मी कोकणी, नवरा जौनपूरकडचा म्हणजे हनफी, सुन्नींमधलाच दुसरा पंथ. जोगेश्वरीत राहतो. कोरडा कुत्रा घासून गेला तर काही नाही, इथवर एकमत. ओल्या केसांवरून मात्र कायम वाद. त्यांच्यात नापाक (अशुद्ध) ती लाळ, आमच्यात अख्खा कुत्रा. त्यामुळे जून ते सप्टेंबर आमच्याकडे मतभेदांचा सीझन. मी बादली घेऊन कपडे धुतेय आणि सासूबाई ओट्यापासून, "बस कर बहू, साबुन खत्म हो जाएगा." माहेरी फोन केला तर अम्मी म्हणते, आपलं ते आपलं. आता मुलगा विचारतो, मी कोण? म्हटलं तू आधी रेनकोट घाल.
कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

गच्चीवरची_जाई
अहो आमची आजी काय कमी होती का! सोवळ्यात असताना कुत्रं लांबून गेलं तरी पुन्हा आंघोळ. आणि देव्हाऱ्यात दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे, त्यांना रोज गंध. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आम्हाला तिनेच सांगितली. आमच्या टिप्याला मात्र दाराच्या आत कधी घेतलं नाही.

कर्जत_स्लो
@जाई, टिप्या हे नाव महाराष्ट्रातल्या निम्म्या कुत्र्यांचं असेल. उरलेले मोती आणि वाघ्या.

बोका_आणि_मी
मांजरांचं कोणी बोलेना! मांजराचं उष्टं पाक मानतात, म्हणून आमचा बोका नमाजच्या चटईवर खुशाल झोपतो. आम्ही शेजारी टॉवेल टाकून नमाज पढतो. तक्रार कोणाकडे करायची?

शुक्रवारची_वही
मी मुलांना अरबी शिकवते. जुम्म्याला कुराणातली सूरह कहफ (एक अध्याय) पढतात, त्यात गुहेत झोपलेल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे, उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला. मुलं दरवेळी विचारतात, मिस, तो नापाक नव्हता का? मी सांगते, पाकी-नापाकी हा आपल्या धुण्याचा हिशेब आहे, त्याच्या इज्जतीचा नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजलं म्हणून गुन्हे माफ झाल्याची हदीसही (पैगंबरांची सांगितली जाणारी शिकवण) सांगते. शिकारी आणि राखणीचा कुत्रा ठेवायला परवानगी आहेच. हौस म्हणून घरात ठेवायला मनाई सांगतात, कारण रहमतचे फरिश्ते (कृपेचे देवदूत) येत नाहीत. मग एक पोरगा म्हणाला, मिस, आमचा वॉचमन झोपतो, आम्ही राखणीचा ठेवू शकतो का 🙂

नानाचौक
अवांतर: मुंबईत कुत्र्यांवरून पहिली मोठी दंगल 1832 साली झाली आणि ती पारशांनी केली. सरकारने भटकी कुत्री मारायचं काढलं होतं. पारशांमध्ये मेलेला माणूस कुत्र्याला दाखवायचा विधी असतो, सगदीद. त्यामुळे फोर्टात राडा. धर्माधर्मात कुत्र्याचं स्थान किती वेगळं बघा.

कुर्ला_पूर्व
26 जुलै 2005. आमच्या बिल्डिंगचा तळमजला बुडालेला, सगळे पहिल्या मजल्याच्या जिन्यात. मध्यरात्री एक काळं कुत्रं पोहत आलं आणि पायरीवर चढलं. कोणी हाकललं नाही. वरच्या मजल्यावरच्या खालांनी (मावशींनी) डब्यातले टोस्ट मोडून त्याच्यापुढे टाकले. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या आधी ओढणी बदलली आणि जिन्याच्या वरच्या टोकाला नमाज पढल्या. कुत्रं खाली, त्या वर, मध्ये आम्ही पाटील, डिसोझा, शेख सगळे. सकाळी पाणी उतरल्यावर ते गेलं, परत काही दिसलं नाही.

दोन्हीकडून_नाही
सगळे गोड लिहिताय, म्हणून जरा तिखट. मी मुसलमान आणि माझ्याकडे इंडी कुत्री आहे, रस्त्यावरून उचललेली. भाड्याचं घर शोधलंय कधी असं? एका प्रकारच्या सोसायटीत माझं नाव ऐकून ब्रोकर "फॅमिली नाही चालत मॅडम" म्हणतो (मी एकटीच!). दुसऱ्या प्रकारच्या बिल्डिंगमध्ये नाव चालतं, कुत्री नाही. शेवटी मालाडला ऑर्लेममध्ये एका कॅथलिक आंटीने ठेवलं. अट एकच, ईस्टरला केक खायचा.
मामू अजून घरी येत नाहीत. दारातून ईदी देतात, तिच्यासाठी मटणाची पिशवीही देतात आणि निघतात. मी नमाजची खोली वेगळी ठेवलीये, तिला माहितीये, ती उंबऱ्याबाहेर बसते. घरच्यांना हे सांगून उपयोग नाही.

शीरखुर्मा
@दोन्हीकडून_नाही मिठी. मामू मटण देतात म्हणजे निम्मं काम झालंय. पुढच्या ईदला आत येतील बघ.

दोन्हीकडून_नाही
बघू. तिचं नाव विचारलं तेवढं मागच्या वेळी.

परळकर
मी जखमी जनावरं उचलायला जातो. डोंगरी, नागपाड्यातून रात्री-अपरात्री फोन येतात. पोरं हात लावत नाहीत, पण गोणीवर घेऊन टेम्पोत ठेवतात आणि सोबत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत येतात. मग नळ शोधतात. मी साबण बरोबरच ठेवतो.
महत्त्वाचं: कुत्रा चावला किंवा ओरखडलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जा. हळद, चुना काही लावू नका.

गच्चीवरची_जाई
चुना खरंच लावतात??

परळकर
मिरचीपूडसुद्धा.

कर्जत_स्लो
🤦 @बोका_आणि_मी चटईवरचा फोटो टाका ना.

बोका_आणि_मी
टाकते. आत्ता उठवला तर ओरबाडेल.