मदत हवी आहे : हुजूर पक्षात नेतानिवडीची अट कोण ठरवतं?

ब्रिटनच्या हुजूर पक्षावर अभ्यासगटासाठी टिपण लिहितेय, एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. २०२२च्या उन्हाळ्यात पक्षाच्या सामान्य सदस्यांनी ऋषी सुनक यांना डावलून लिझ ट्रस यांना नेतेपदी निवडलं. ऑक्टोबरमध्ये ट्रस यांच्या राजीनाम्यानंतर मात्र उमेदवारीसाठी १०० खासदारांचा पाठिंबा सक्तीचा झाला, रिंगणात सुनक एकटेच उरले आणि सदस्यांना मतदान करताच आलं नाही. मला हे फार खटकतं; २००५मध्ये सदस्यांचा हा हक्क काढून घ्यायचा प्रस्ताव पक्षातच पडला होता. पक्षाची घटना वाचली, जुन्या बातम्या चाळल्या, पण ‘१९२२ कमिटी’ या पक्षाच्या खासदारांच्या गटाचे नियम एकत्र कुठे मिळाले नाहीत. मजूर पक्षाबद्दल नको, त्यांचं रूलबुक माझ्याकडे आहे. अशी अट १९२२ कमिटी एकटी घालू शकते, की पक्षाच्या बोर्डाची संमती लागते?