११ वर्षं क्लिपा डिझाइन केल्या, आता लाइन बदलू का?

क्लिपवाला
मेकॅनिकल, ११ वर्षं ऑटोमोटिव्ह इंटिरिअर. म्हणजे दाराच्या आतलं प्लास्टिक, त्याच्या क्लिपा, खडखड आली की ती शोधायची, टूलिंगवाल्याशी वाद घालायचे आणि पुढचं मॉडेल आलं की परत तेच. पगाराची तक्रार नाही, टीमपण चांगली. पण मध्ये एक प्रोग्रॅम कॅन्सल झाला, माझं आठ महिन्यांचं काम पाण्यात गेलं आणि मला काहीच वाटलं नाही, तेच जास्त खटकलं. कृत्रिम पाय, मेडिकल डिव्हाइस किंवा पाण्याशी संबंधित काहीतरी करावं असं डोक्यात आहे. नवीन डिग्री घ्यावी लागेल का? कोणी केलंय का असं?

ओ_रिंग
केलंय. सस्पेन्शनमधून कृत्रिम पायांकडे, ६ वर्षं झाली. डिग्री वगैरे काही नको, तुझं फटीग टेस्टिंग (तोच भार परत परत देऊन टिकतं का बघणं) इथे थेट कामाला येतं, कृत्रिम पायांच्या टेस्टचं मानक आयएसओ १०३२८, त्यात पायाला ३० लाख सायकल्स चालवतात, वाचलंस तर घरी आल्यासारखं वाटेल. गडबड दुसरीकडेच होते. मी पहिल्याच मीटिंगला एफएमईए (काय काय बिघडू शकतं याचा तक्ता) काढून सिव्हिरिटी (किती गंभीर) गुणिले ऑकरन्स (किती वेळा होतं) गुणिले डिटेक्शन (पकडणं किती अवघड) असा आकडा मांडला, तर क्वालिटीवाल्या मॅडम म्हणाल्या हे डिटेक्शन कुठून आणलंस? मेडिकल डिव्हाइसच्या रिस्कचं मानक आयएसओ १४९७१, त्यात रिस्क म्हणजे इजा होण्याची शक्यता आणि ती किती गंभीर, बस्स. तुझ्या लाइनवर तपासणीत पकडला जाईल म्हणून आकडा खाली येतो तसं इथे नाही, माणूस पडला तर पडला.
आणि कागद! एक बोल्ट बदलायचा तरी रिस्क फाइल उघडा, टेस्ट परत करा, सह्या घ्या. पहिल्या वर्षी मी सीएडी (डिझाइनचं सॉफ्टवेअर) क्वचितच उघडलं असेल. पण अधूनमधून फिटिंगला, म्हणजे माणसाला पाय बसवतात तिथे, बसायला मिळतं. एक आजोबा म्हणाले पाय मजबूत आहे हो, पण जिना उतरताना विश्वास वाटत नाही. आता हे कुठल्या टेस्टमध्ये बसवायचं? त्याच्यावरच वर्ष गेलं माझं, आणि कंटाळा आला नाही.

परत_आलोय
मी पाण्याच्या कामात गेलो होतो, ३ वर्षांनी परत फॅक्टरीत. वाईट अनुभव नाही पण अपेक्षा चुकीची होती. वाटलं आपण भारी पंप डिझाइन करू. पंप केव्हाचे तयार आहेत रे. इंडिया मार्क २ हा हातपंप सत्तरच्या दशकातला, त्याचा आतला वॉशर झिजला की अख्खी पाइपलाइन वर ओढावी लागते, त्याला माणसं आणि अवजारं लागतात, म्हणून मार्क ३ मध्ये पिस्टन पाइपमधूनच वर काढता येईल अशी सोय केली. म्हणजे डिझाइनमधली अक्कल सगळी दुरुस्ती कोण करणार यावर खर्च झालेली. आणि तरी वॉशर वेळेवर मिळाला नाही तर पंप बंदच. माझं निम्मं काम स्पेअर कुठे ठेवायचे आणि पैसे कोण गोळा करणार हे ठरवण्यात गेलं. तुला मीटिंगा आवडतात का ते आधी बघ.

टॉर्क_रेंच
मी जरा उलट बोलते. एअरबॅग उघडताना ट्रिमचे (आतल्या प्लास्टिकचे) तुकडे उडू नयेत हे तुमच्याच क्लिपांवर असतं ना? मग काम निरर्थक कसं? मला वाटतं तुम्हाला फक्त खडखडीचाच कंटाळा आलाय. सेफ्टी टीममध्ये ट्रान्सफर मागून बघितलंत का?

क्लिपवाला
@टॉर्क_रेंच पडद्यासारख्या एअरबॅगवर दोन वर्षं होतो, खरं सांगायचं तर तीच बरी गेली. हे लक्षात नव्हतं आलं 😅 ट्रान्सफर विचारतो.
@ओ_रिंग जिन्याचं डोक्यातून जात नाहीये. रजा टाकून एखाद्या फिटिंग सेंटरला दिवसभर नुसतं बसू देतील का?

ओ_रिंग
देतील, आधी विचारून जा. फोटो काढू नकोस आणि पहिल्याच दिवशी सोल्युशन सांगू नकोस, मी सांगितलं होतं 🤦