विषय: लातूरच्या वावराची साडेदहा लाखांची नोटीस

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे गणपतीच्या वर्गणीपुरताच उगवतो. आज अडलोय. डिसेंबर 2021 मध्ये आम्ही भावंडांनी औसा रोडकडचं वडिलांचं वावर विकलं, माझ्या वाट्याला 30 लाख आले. "शेतीला कुठं टॅक्स असतो?" असं जो तो म्हणाला, म्हणून मी भारतात रिटर्नच भरलं नाही. काल भावाने फोटो पाठवला. इन्कम टॅक्सची मार्चातली ऑर्डर, मागणी साडेदहा लाख. लिफाफा देव्हाऱ्यामागे सातबाऱ्यांच्या पिशवीत होता. त्याआधीचे दोन तर फोडलेलेच नाहीत! भावाच्या ओळखीचा एकजण दीड लाखात "मिटवून देतो" म्हणतोय. माझं लातूरचं एनआरओ (परदेशस्थांचं बँकेतलं) खातं गोठवतील का?

– न्यू जर्सीतला लातूरकर

---

विषय: उत्तर: लातूरच्या वावराची साडेदहा लाखांची नोटीस

अरे बाबा,

गोठवू शकतात. मागणीची मुदत 30 दिवसांची, ती कधीच उलटली. त्यावर महिन्याला एक टक्का व्याज, म्हणजे तुझे दर महिन्याला साधारण दहा हजार नुसते त्या पिशवीत बसून चाललेत. मिटवून देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव. ऑर्डर निघाल्यावर रस्ता अपिलाचा, आणि त्याची सरकारी फी तुझ्या बाबतीत 1000 रुपये आहे.

आधी ऑर्डरवरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर टाकून पाहा, लॉगिन न करता पाहता येतं. खोट्या नोटिशांचाही सुकाळ आहे.

आता वावराचं. शेतजमीन विकली की टॅक्स नाही हे अर्धंच खरं. जमीन ग्रामीण असावी लागते. शहराची लोकसंख्या 1 लाख ते 10 लाख असेल तर हद्दीपासून 6 किलोमीटरच्या आतली जमीन करपात्र. लातूर 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या पुढे, म्हणजे आपल्याला 6 चाच नियम. तुझा भाऊ मला म्हणाला, "काका, शहराच्या मधल्या गंजगोलाई चौकापासून दहा किलोमीटर भरतंय, तहसीलचा दाखला काढतो." काढू नको म्हणावं. मोजायचं महापालिकेच्या हद्दीपासून, गंजगोलाईपासून नाही. आणि तेही सरळ रेषेत, कावळा उडतो तसं. मी मोबाईलच्या नकाशावर बोट ठेवून पाहिलं, जेमतेम सव्वाचार भरलं. हा मुद्दा लढवण्यात पैसा घालू नकोस.

लढायचं दुसरीकडे. तू उत्तरच दिलं नाहीस म्हणून त्यांनी अख्खे 30 लाख नफा धरलेत. जमीन वडिलोपार्जित आहे, तेव्हा 1 एप्रिल 2001 ची किंमत धरायचा तुला हक्क आहे. 2021-22 चा महागाई निर्देशांक 317 (2001 चा 100), म्हणजे ती किंमत 3.17 ने गुणायची. समज, तुझ्या वाट्याचे तेव्हा 4 लाख होत असतील, तर 12 लाख 68 हजार वजा. 20 टक्के आणि त्यावर सेस, पुढचं व्याज, सगळं धरून साडेदहाचे सहाच्या आसपास येतात. मात्र नोंदणीकृत व्हॅल्युअरचा दाखला हवा, आणि आकडा 2001 च्या रेडी रेकनरवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरावर, जाता कामा नये. तो उतारा भावाला काढायला सांग. त्याला काहीतरी काम दे, नाहीतर तो त्या एजंटाकडे जाईल.

अपिलाला उशीर झालाय, त्याच्या माफीचा अर्ज सोबत जोडायचा: तू परदेशात, पॅनवर पत्ता लातूरचा, पासपोर्टावरचे शिक्के हे घ्या. अपील टाकून स्वस्थ बसू नकोस, वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. तिथे साधारणपणे वादातल्या रकमेच्या 20 टक्के भरा म्हणतात, म्हणजे तुझे 2 लाख 10 हजार. जमत नसेल तर हप्ते मागता येतात, लेखी.

मी हे शहाणपण अमेरिकेत शिकलो. एका वर्षी आयआरएसचे, म्हणजे तिथल्या कर खात्याचे, पैसे थकले, खिशात नव्हते. रिटर्न मात्र वेळेवर टाकलं होतं. रिटर्न न टाकण्याचा दंड महिन्याला 5 टक्के, टाकून पैसे न भरण्याचा अर्धा टक्का. हप्ते मंजूर झाल्यावर तोही पाव टक्क्यावर आला. (व्याज निराळं, ते कुणाला चुकत नाही.) फोनवरची बाई माझ्यावर ओरडेल म्हणून मी दोन आठवडे फोन टाळला होता. तिने फक्त विचारलं, महिन्याला किती जमेल?

आणि हो, त्या वर्षीच्या अमेरिकन रिटर्नात हा नफा दाखवला होतास ना?

– काका, सध्या मुक्काम लातूर

---

विषय: उत्तर: उत्तर: लातूरच्या वावराची साडेदहा लाखांची नोटीस

काका,

नाही दाखवला. तेवढं तुम्ही विचारू नये असं मनात होतं.

डीआयएन खरा निघाला. वहिनीने उरलेले दोन लिफाफे फोडले, दोन्ही इन्कम टॅक्सचेच; पहिल्यात उत्तर द्यायला सात दिवस दिले होते. पोर्टलवरचा ईमेल मला पॅन काढून देणाऱ्या झेरॉक्सवाल्याचा आहे, सगळे मेल त्याच्याकडे! भाऊ आज रेडी रेकनरसाठी निबंधक कार्यालयात गेलाय. इथल्या एखाद्या सीपीएचं (अमेरिकेतल्या सीएचं) नाव सुचवा, पण लिस्टवर नको, मला एकट्याला पाठवा.

– न्यू जर्सीतला लातूरकर