माइक नॉर्वेल यांना फ्लोरिडा स्टेटने ठेवले ते योग्य झाले का?

गार्नेट_वाचक (प्रश्न)

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये फ्लोरिडा स्टेटचा 2025 चा हंगाम 5 विजय आणि 7 पराभव असा संपला, आणि तरीही मुख्य प्रशिक्षक माइक नॉर्वेल यांना विद्यापीठाने 2026 साठी कायम ठेवले. विशेष म्हणजे ही घोषणा हंगामातला शेवटचा सामना होण्यापूर्वीच झाली, आणि नंतर त्या सामन्यात फ्लोरिडाकडून 40-21 अशी हार पत्करावी लागली. मला प्रामाणिकपणे समजून घ्यायचे आहे की हा निर्णय फुटबॉलचा विचार करून घेतला गेला, की मुदतीपूर्वी काढल्यास करारानुसार द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या रकमेपुढे विद्यापीठाचा नाइलाज झाला.

नॉर्वेल यांच्या सहा हंगामांचे आकडे (आधी विजय, मग पराभव) असे आहेत: 2020 मध्ये 3-6, 2021 मध्ये 5-7, मग 10-3, मग 13-1, त्यानंतर 2024 मध्ये 2-10 आणि आता 5-7. एकूण 38 विजय, 34 पराभव. ज्या विद्यापीठात पूर्वीचे प्रशिक्षक बॉबी बाउडेन यांच्या काळी 1987 ते 2000 असे सलग 14 हंगाम संघ असोसिएटेड प्रेसच्या अंतिम क्रमवारीत पहिल्या पाचांत होता, तिथे हा हिशेब पुरेसा मानावा का? दुसरीकडे, 13-1 हा हंगाम फार जुना नाही, आणि 2025 ची सुरुवातच अलाबामाला 31-17 असे हरवून झाली होती, हेही नाकारता येत नाही. त्या विजयानंतर सात आठवड्यांनी हाच संघ स्टॅनफर्डकडून 20-13 असा हरला. या दोन निकालांचा मेळ मला लावता येत नाही. जाणकारांनी कृपया मुद्द्याला धरून लिहावे.

तिसरा_डाऊन

माझ्या मते निर्णय चुकीचा आहे, आणि तसे म्हणताना मी 2023 विसरलेलो नाही. उलट 2023 नीट पाहिले तर शंका वाढते. त्या संघातील क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस लुइव्हिलहून आलेला होता आणि नॉर्वेल येण्यापूर्वीपासून टॅलाहासीत, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, होता; जॅरेड व्हर्स ऑल्बनीहून आला, कीऑन कोलमन मिशिगन स्टेटहून. व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या एनएफएल ड्राफ्टमध्ये 2024 साली या विद्यापीठाचे 10 खेळाडू निवडले गेले. असा अनुभवी संघ ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून, उभा करणे हे कौशल्यच आहे, पण ते दरवर्षी नव्याने सिद्ध करावे लागते, कारण पोर्टलमधून आलेले खेळाडू एक-दोन वर्षांत निघून जातात आणि त्यांच्या मागे घडवलेली दुसरी फळी नसेल तर संघ एकदम रिकामा होतो. 2024 मध्ये नेमके तेच झाले. तेव्हापासूनच्या दोन हंगामांत एकूण 7-17, आणि एसीसी या आपल्या साखळीतील सामन्यांत 3-13. हे दुर्दैव म्हणून सोडून देण्याजोगे आकडे नाहीत.

सहाय्यकांना दोष देण्याची संधीही आता उरलेली नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये नोत्र डामकडून 52-3 असा पराभव झाल्यावर आक्रमण आणि बचाव या दोन्ही विभागांचे समन्वयक हटवले गेले, त्यांच्या जागी गस मालझान आणि टोनी व्हाइट आले. बदलाचा परिणाम म्हणून विजय 2 वरून 5 झाले, परंतु त्या पाचांतले दोन विजय केंट स्टेट आणि ईस्ट टेक्सास ए अँड एम यांच्यावरचे आहेत. परक्या मैदानावरचे पाचही सामने आपण हरलो: व्हर्जिनिया, स्टॅनफर्ड, क्लेमसन, एनसी स्टेट, फ्लोरिडा. यांतल्या व्हर्जिनियाच्या सामन्याबद्दल दोन ओव्हरटाइमचे निमित्त सांगितले जाईल, पिट्सबर्गविरुद्ध घरच्या मैदानावर तीनच गुण कमी पडले असेही सांगितले जाईल. पण वर्षभर प्रत्येक अटीतटीचा सामना हातून जात असेल तर त्या क्षणी बाजूला उभे राहून निर्णय घेणाऱ्या माणसाकडे बोट जाणारच.

बदल केल्याने काही साधत नाही असे म्हणणाऱ्यांनी इंडियानाकडे पाहावे. 2023 मध्ये 3-9 झाल्यावर त्यांनी टॉम ॲलन यांना मोठी भरपाई देऊन निरोप दिला, जेम्स मॅडिसनहून कर्ट सिग्नेटी यांना आणले, आणि पुढच्याच हंगामात 11 विजय मिळवून संघ राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीच्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पोहोचला. पाच वर्षे वाट पाहा हा सल्ला पोर्टल येण्यापूर्वीच्या काळातला आहे.

शांत_प्रेक्षक

इंडियानाचे उदाहरण खरे आहे, पण ते अपवाद म्हणून प्रसिद्ध आहे हे लक्षात घ्यावे. स्कॉट ॲडलर, मायकल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी महाविद्यालयीन फुटबॉलमधील प्रशिक्षकबदलांचा अभ्यास करून 2013 मध्ये निष्कर्ष मांडले होते. साधारण सारख्याच अवस्थेत असलेल्या संघांची तुलना केली, तर अगदी तळाला गेलेल्या संघांना प्रशिक्षक बदलून फारसा फरक पडत नाही, आणि मधल्या पट्ट्यातील संघांची कामगिरी बदलानंतर सरासरीने खालावते, असे त्यांना आढळले. तो अभ्यास पोर्टलपूर्व काळातला आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र पोर्टलमुळे गोष्टी सोप्या झाल्या असे गृहीत धरण्याचेही कारण नाही, कारण प्रशिक्षक गेला की खेळाडूंना बाहेर पडायची मुभा मिळते आणि नव्या माणसाला पहिले काही आठवडे गळती थांबवण्यातच घालवावे लागतात.

नेब्रास्काचा इतिहास तर प्रत्येक अधीर चाहत्याने डोळ्यांसमोर ठेवावा. 2003 मध्ये नऊ विजय मिळवूनही फ्रँक सोलिच यांना काढण्यात आले. पुढच्याच वर्षी बिल कॅलहन यांच्या हाताखाली संघ 5-6 झाला आणि 1961 नंतर प्रथमच त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त भरले. पुढे बो पेलिनी यांनी सात वर्षांत एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत, तरी 2014 मध्ये त्यांनाही घालवले. मग माइक रायली 19-19, मग स्कॉट फ्रॉस्ट 16-31. नऊ विजय कमी वाटू लागले, त्याची ही किंमत.

आणि आपल्याच घरातले उदाहरण घ्या. 2021 मध्ये पहिले चारही सामने आपण हरलो होतो, त्यांत जॅक्सनव्हिल स्टेटकडून शेवटच्या चेंडूवर झालेला 20-17 हा पराभवही होता. तेव्हा याच नॉर्वेल यांना काढा म्हणणारे कमी नव्हते. त्यांचे ऐकले असते तर 10-3 आणि 13-1 हे दोन्ही हंगाम कोणाच्या नावावर असते, किंवा झाले तरी असते का, हे ज्याने त्याने ठरवावे.

तिसरा_डाऊन

पेलिनी आणि सोलिच नऊ सामने जिंकत होते; आपण दोन वर्षांत मिळून सात जिंकले. ही तुलना मला पटत नाही. नऊ विजय मिळवणाऱ्याला काढून भले झाल्याचे उदाहरणही आहेच: 2015 मध्ये जॉर्जियाने 9-3 वर मार्क रिक्ट यांना निरोप दिला, किर्बी स्मार्ट आले, आणि 2021 व 2022 ची राष्ट्रीय अजिंक्यपदे जॉर्जियाने जिंकली.

रिक्ट यांच्यानंतर स्मार्ट मिळाले, सोलिच यांच्यानंतर कॅलहन. फरक काढण्यात नव्हता, निवडीत होता.

कागदपत्रे_तपासणारा

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, आणि त्याच धाग्याने मला पैशांकडे यायचे आहे. मूळ प्रश्नात फुटबॉल की रक्कम अशी विभागणी केली आहे. प्रत्यक्षात हे दोन विषय वेगळे राहिलेले नाहीत.

जानेवारी 2024 मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले, अलाबामाच्या रिकाम्या जागेसाठी नॉर्वेल यांचे नाव चर्चेत आले, आणि फ्लोरिडा स्टेटने घाईघाईने त्यांचा करार वाढवून 2031 पर्यंत नेला, वर्षाला सुमारे 1 कोटी डॉलर देऊ केले. करार झाला तेव्हा 13-1 ताजे होते, म्हणून कोणीच हरकत घेतली नाही. मलाही आठवते की चाहत्यांमध्ये आनंदीआनंद होता. पण अशा करारांत मुदतीपूर्वी काढल्यास उरलेल्या वेतनाचा मोठा हिस्सा द्यावा लागतो, आणि 2025 च्या अखेरीस ती रक्कम 5 कोटी डॉलरांहून अधिक भरत होती. तुलनेसाठी सांगतो: जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 2 कोटी 5 लाख डॉलर थेट देऊ शकतात. म्हणजे एका माणसाला घरी बसवण्याचा खर्च सर्व खेळाडूंच्या वार्षिक मर्यादेच्या अडीचपटीच्या आसपास जातो, आणि दोन्हींसाठी अखेर हात पसरायचा तो त्याच देणगीदारांपुढे.

हे विद्यापीठ या बाबतीत नवखे नाही. विली टॅगर्ट यांना 2019 मध्ये अवघ्या 21 सामन्यांनंतर काढले तेव्हाही जवळपास 1 कोटी 80 लाख डॉलरांचा बोजा अंगावर आला होता, आणि नॉर्वेल यांची पहिली दोन वर्षे त्याच मोडतोडीतून सावरण्यात गेली. टॅगर्ट आले होते ते जिंबो फिशर टेक्सास ए अँड एमला निघून गेल्यामुळे; त्याच फिशर यांना 2023 मध्ये काढताना टेक्सास ए अँड एमला सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर कबूल करावे लागले, आणि त्या करारात दुसरी नोकरी मिळाल्यावर रक्कम कमी होण्याची तरतूदच नव्हती. पेन स्टेटने मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढले, ते व्हर्जिनिया टेकला रुजू झाले, आणि पेन स्टेटची देय रक्कम सुमारे 4 कोटी 90 लाखांवरून 90 लाखांवर आली. एका कलमाचा एवढा फरक पडतो.

शिवाय 2025 च्या हिवाळ्यात पेन स्टेट, एलएसयू, फ्लोरिडा, ऑबर्न, व्हर्जिनिया टेक अशी मोठी दारे एकाच वेळी उघडी होती. त्या गर्दीत टॅलाहासीला पहिल्या पसंतीचा माणूस मिळाला असता असे मला वाटत नाही. म्हणून माझे उत्तर असे: नॉर्वेल यांना ठेवणे हे त्या वर्षीचे कमी वाईट पाऊल होते, आणि खरा दोष 2024 च्या जानेवारीत सही करणाऱ्यांचा आहे.

मिशिगनचा मार्ग येथे आठवतो. 2020 मध्ये 2-4 झाल्यावर त्यांनी जिम हारबॉ यांना काढले नाही. मूळ वेतन सुमारे निम्म्यावर आणले, वाढीव पैसे विजयांशी जोडले, सहाय्यकांचा ताफा बदलला. 2023 मध्ये ते राष्ट्रीय विजेते झाले. नॉर्वेल यांनीही 2025 च्या वेतनातील 45 लाख डॉलर सोडले, परंतु ती एका वर्षाची बाब होती. कराराचा सांगाडा तसाच राहिला. पुन्हा वाटाघाटी करून भरपाईची रक्कम खाली आणण्याची हीच वेळ होती, आणि त्याबद्दल विद्यापीठाला जाब विचारायला हवा.

गार्नेट_वाचक

सर्वांचे आभार. करार आणि मैदान वेगळे काढता येत नाहीत, हे आता पटले. मात्र एक गोष्ट अजून अनुत्तरित आहे: 2026 मध्ये नेमके काय दिसले तर ठेवणे योग्य ठरले असे म्हणायचे? केवळ विजयांची संख्या मला पुरेशी वाटत नाही.

शांत_प्रेक्षक

परक्या मैदानावरचे एसीसी सामने पाहा. संघ तयार आहे की नाही, हे तिथेच कळते, कारण घरच्या प्रेक्षकांच्या आवाजाचा आधार नसतो. दुसरे म्हणजे शाळेतून थेट भरती केलेले किती खेळाडू पहिल्या फळीत उतरतात, तेही मोजावे.

तिसरा_डाऊन

पहिल्या कसोटीशी मी सहमत आहे, आणि योगायोगाने अलाबामाविरुद्धचा परतीचा सामना 2026 मध्ये त्यांच्या मैदानावर आहे. त्यात हरलो तर मी काही म्हणणार नाही. पण स्टॅनफर्डसारखा आणखी एक पराभव ऑक्टोबरमध्ये झाला, तर भरपाईचा आकडा किती आहे हे मला कोणी सांगू नये. तो नोव्हेंबरमध्येही तितकाच राहील, आणि तोवर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सही करणारी शाळकरी मुले दुसरीकडे वळलेली असतील.