घाणेरीपेक्षा गोडलिंब आणि रुई

फुलपाखरांसाठी बागेत घाणेरी (लँटाना) लावा, असं काही जण सांगतात. मकरंद मिळतो, खरंय. पण ती परदेशी, पसरणारी, आणि आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांचं ते अन्न नव्हे. मादी अंडी घालते ती खाद्यझाडावर: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं लिंबू-गोडलिंबावर (म्हणजे कढीपत्त्यावर), प्लेन टायगर हे फुलपाखरू रुईवर (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका). गोडलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं दिसतं ना, ती लहान अळी; पुढे हिरवी होते. रोग समजून लोक फवारतात, फार वाईट वाटतं. निंबोळी अर्कही नको.

नागपूरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून लिंबाची मुळं सडतात. म्हणून फूटभर उंचवटा करून, मुरूम-शेणखत मिसळून लावा. गोडलिंब दोन हवेत, एक स्वयंपाकाला, एक अळ्यांना.